शार्तिएमध्ये स्टेक खावा का? पॅरिसच्या जुन्या बुयाँविषयी माहिती हवी

सांजवारा
पॅरिसचं 'बुयाँ शार्तिए' (बुयाँ म्हणजे जुन्या धर्तीची स्वस्त खानावळ) १८९६ सालचं. १९८९ पासून त्याची वास्तू संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे. काचेचं छत, आरसे, पितळी रॅक आणि तिथेच आजही रोज दोन्ही वेळचं साधं फ्रेंच जेवण. वसंतात आम्ही दोघं जाणार आहोत. फ्रान्समध्ये जाऊन स्टेक आणि तळलेले बटाटे, म्हणजे तिथलं 'स्टेक-फ्रीत', अशा जुन्या वास्तूत बसून खायचा बेत आहे. जाणकारांना तीन प्रश्न:
मांसाचा कोणता तुकडा मागवावा? किती शिजवून मागावा? आणि तिथली बसण्याची, ऑर्डरची, बिलाची पद्धत नेमकी कशी असते?
दुसरी एखादी वास्तू याहून सरस असेल तर तेही सांगा.

दगडीवाडा
पद्धतीचं आधी सांगतो. पत्ता ७, रू द्यु फोबूर मोंमार्त्र. मेट्रो ८ किंवा ९ ने 'ग्राँ बुलव्हार'ला उतरायचं. रस्त्यावरून हॉल दिसत नाही. एका बोळातून आत गेलं की अंगणाच्या टोकाला दार लागतं. टेबल आधी राखून ठेवता येत नाही, रांग लावावी लागते. स्वयंपाकघर सकाळी साडेअकरापासून मध्यरात्रीपर्यंत सलग चालू असतं. फ्रान्समध्ये हे विरळा, कारण बहुतेक ठिकाणी दोन-अडीचनंतर थेट संध्याकाळी सातलाच जेवण मिळतं. म्हणून दुपारी तीन-चारला जा, रांग सर्वांत लहान असते.

दोघंच असाल तर अनोळखी माणसांच्या शेजारी बसवतील. ती तिथली मूळ रीत आहे, त्यात अपमान नाही. कोट डोक्यावरच्या पितळी रॅकवर टाकायचा. वेटर काळं, खूप खिशांचं जाकीट आणि लांब पांढरा एप्रन घातलेला असतो. तो ऑर्डर टेबलावर पसरलेल्या कागदावरच लिहितो आणि शेवटी बेरीजही तिथेच मांडतो.

रस्सावाटी
मला इथे वेगळं मत मांडायचं आहे. शार्तिएला जरूर जा, पण स्टेकसाठी नको.

बुयाँ ही संस्थाच मुळात मांसाच्या रश्श्यावर उभी राहिली आहे. पिएर-लुई द्युवाल हा खाटीक. त्याने १८५५ च्या सुमारास 'लेआल' या घाऊक बाजाराजवळ कामगारांसाठी खानावळ काढली. खाटकाचे उत्तम तुकडे श्रीमंत गिऱ्हाईक उचलतं. मान, नडगी, छातीकडचं कठीण मांस उरतं. ते तास न् तास मंद उकळलं की मऊ होतं आणि वर उत्तम रस्साही मिळतो. एक वाडगा रस्सा, एक तुकडा मांस, भाव ठरलेला, काम झटपट. ते इतकं चाललं की शतक संपेपर्यंत पॅरिसभर अशी बुयाँ झाली, आणि फ्रेदेरिक व कामीय या शार्तिए बंधूंनी त्याच धर्तीवर आपलं काढलं.

तेव्हा तिथे बफ बुर्गिन्याँ (वाइनमध्ये शिजवलेलं बीफ) मागवा. हजार माणसांना वाढणाऱ्या स्वयंपाकघरात मुरत ठेवलेला पदार्थ बिघडत नाही. स्टेक मात्र मिनिटाच्या हिशेबावर असतो.

सुरीकाटा
रस्सावाटी, इतिहास बरोबर आहे, निष्कर्षाशी मी निम्मा सहमत. गर्दीच्या स्वयंपाकघरात स्टेक का बिघडतो ते आधी पाहू, म्हणजे तो बिघडू नये असा कसा मागवायचा हे आपोआप कळेल.

स्वस्त जागी स्टेक पातळ असतो, एक ते दीड सेंटिमीटर. जाड तुकड्यात बाहेर खरपूस आणि आत गुलाबी अशा पायऱ्या साधायला वेळ मिळतो. पातळ तुकड्यात तापमान आरपार लगेच चढतं. भरीला तव्यावरून उतरल्यावरही मांस आतून तीन-चार अंश तापत राहतं, आणि ताट वेटरच्या हातात येईपर्यंत दोन मिनिटं जातात. म्हणजे तुम्ही 'मध्यम' मागितलंत तर टेबलावर पूर्ण शिजलेलं येतं. म्हणून पातळ स्टेक असेल तिथे तुम्हाला हवा त्याहून एक पायरी कच्चा मागावा.

फ्रेंच पायऱ्या अशा. आतलं तापमान साधारण धरा:
ब्लो: ४५ अंश. बाहेरून फक्त भाजलेला, आत जवळपास कच्चा आणि कोमट.
सेन्याँ: ५० ते ५२. आत लाल, रसाळ.
आ प्वाँ: ५५ ते ५८. आत गुलाबी. आपल्याकडच्या 'मीडियम'पेक्षा हा कमी शिजलेला असतो, इथेच बहुतेकांची गफलत होते.
ब्याँ क्वी: ६५ च्या वर. आत राखाडी.

६६ अंशांच्या पुढे स्नायूतलं अ‍ॅक्टिन हे प्रथिन आकसायला लागतं आणि मांसातलं पाणी पिळून बाहेर काढतं. मांस वातड होतं ते यामुळे.

मीठभाकरी
ताटात लाल पाणी येतं ते पाहून मन कचरतं. ते रक्त असतं का?

सुरीकाटा
नाही. रक्त जनावर कापल्यावरच निथळून गेलेलं असतं. ते लाल पाणी म्हणजे पाणी आणि मायोग्लोबिन, स्नायूंमध्ये प्राणवायू साठवणारं प्रथिन. साठ अंशांच्या पुढे त्याचा रंग तपकिरी व्हायला लागतो, म्हणून जास्त शिजलेल्या मांसात ते लाल दिसत नाही. ताटात फार पाणी सुटलं असेल तर एवढंच समजावं की तव्यावरून काढून तुकडा टेकू दिला नाही, घाईने वाढला.

खाटकाचीआळी
आता तुकड्यांबद्दल, कारण धागाकर्तीचा पहिला प्रश्न तोच होता आणि अजून कुणी हात घातलेला नाही.

आंत्रकोत: बरगड्यांवरचं मांस. मध्ये चरबीच्या रेषा, स्वाद भरपूर. पहिल्यांदा खाणाऱ्याने हाच घ्यावा. सेन्याँ आणि आ प्वाँच्या मधला असेल तर चरबी वितळते.
फो-फिले: कमरेकडचा भाग. एका कडेला चरबीची पट्टी. आंत्रकोतपेक्षा घट्ट, पण नीटस.
फिले: सर्वांत मऊ, सर्वांत महाग, आणि चव सर्वांत कमी. हा स्नायू जनावर फारसा वापरत नाही.
रुमस्तेक: मागच्या भागाचा. चरबी कमी. आ प्वाँच्या पुढे गेला की कोरडा.
बावेत: पोटाकडचा, लांब धाग्यांचा. रसाळ आणि दाट चवीचा. फक्त सेन्याँ घ्यावा आणि धागे आडवे कापून खावा. धाग्यांच्या दिशेने सुरी चालवली तर चावत बसाल.
ओंग्ले: छाती-पोटामधल्या पडद्याजवळचा. एका जनावरात एकच, म्हणून दुर्मीळ. काळजाकडे झुकणारी तीव्र चव. सगळ्यांना मानवत नाही, मला विचाराल तर यासारखा तुकडा नाही.

बावेत आणि ओंग्लेवर पारंपरिक जोड म्हणजे बारीक चिरलेल्या शालॉट कांद्याचं लोणी-वाइनमधलं सॉस.

एक खबरदारी. शार्तिएचा मेनू रोज तारखेसकट छापतात, त्यामुळे तुकडा बदलत राहतो. पदार्थाच्या नावात 'आशे' असेल तर तो खिम्याची चकती समजा. स्वस्त दिसतो म्हणून लोक तोच मागवतात आणि मग इतरांना सांगतात की फ्रान्समधला स्टेक आपल्या कटलेटसारखा असतो.

दगडीवाडा
+१. आणि 'तार्तार' म्हणजे पूर्ण कच्चं बारीक कापलेलं मांस, त्यात केपर (खारवलेल्या कळ्या), काकडीचं लोणचं, कांदा, मोहरी आणि वर कच्चं पिवळं बलक. गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि वयस्कर यांनी टाळावा. धीर होत नसेल तर 'आले-रतूर' मागता येतो, म्हणजे दोन्ही बाजू क्षणभर तव्याला लावून.

कोकणकन्या७
मुंबईत ज्यांनी स्टेक खाल्ला आहे त्यांनी एक लक्षात घ्यावं. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात गायीबरोबर बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी आली. रेस्टॉरंटात मिळतो तो बहुतेक रेड्या-म्हशीच्या मांसाचा, आणि जवळजवळ नेहमी टेंडरलॉइन, म्हणजे वर खाटकाचीआळी यांनी सांगितलेला फिले. म्हशीच्या मांसात चरबीच्या रेषा कमी आणि रंग गडद. जिभेला त्या मऊपणाची सवय झालेली असते. मग पॅरिसमध्ये बावेत ताटात आला की 'चिवट आहे' असं वाटतं. तो चिवट नसतो, फक्त त्याला चावावं लागतं आणि चव त्या चावण्यातच असते. फिलेच्या सवयीचे असाल तर आंत्रकोतपासून सुरुवात करा.

तुळशीपत्र
आमच्यासारख्या बीफ न खाणाऱ्यांनी अशा ठिकाणी जाऊच नये का? वास्तू तर पाहायची आहे.

रस्सावाटी
जरूर जा, तुळशीपत्र. भाजलेली कोंबडी, बदकाची मुरवलेली तंगडी, मासे हे बहुतेक बुयाँच्या मेनूवर असतात. सुरुवातीला अंडं-मेयोनेज किंवा पोरोची, म्हणजे फ्रेंच पातीच्या जाड कांद्याची, थंड थाळी घ्या. दोन्ही बुयाँचे जुने, मानाचे पदार्थ.

फक्त दोन ठिकाणी सांभाळा. तळलेले बटाटे कित्येक जागी बीफच्या चरबीत तळतात, ती पांढरी घट्ट चरबी 'ब्लाँ द बफ' नावाने मिळते. बटाट्याला खमंगपणा त्यानेच येतो. आणि कोंबडी-माशाच्या तपकिरी सॉसमध्येही वासराच्या हाडांचा अर्क असू शकतो. दोन्ही गोष्टी मेनूवर लिहिलेल्या नसतात, वेटरला स्पष्ट विचारायच्या. शंका असेल तर फ्रीतऐवजी हिरव्या शेंगा किंवा सॅलड मागा.

तुळशीपत्र
हे बटाट्यांचं माहीतच नव्हतं. मनापासून धन्यवाद.

बटाटेवाडी
बटाट्याचा विषय निघालाच आहे तर. फ्रीत दोनदा तळलेले असायला हवेत. एक सेंटिमीटर जाडीचे काप पाण्यात धुऊन वरचा स्टार्च काढायचा, पूर्ण पुसायचे, १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं रंग न आणता शिजवायचे, गार करायचे, मग १८० ते १९० वर दोन मिनिटं. पहिल्या तळणीत आतला भाग शिजतो, दुसरीत वरचं पाणी जाऊन कवच धरतं. एकदाच तळले तर बाहेर तांबूस आणि आत कच्चे, किंवा पाच मिनिटांत मऊ पडलेले. ताटात फ्रीत लिबलिबीत आले तर तेल पुरेसं तापलेलं नव्हतं किंवा एका वेळी घाणा मोठा टाकला होता.

आणि याच वरून दुसरी वास्तू सुचवतो. पॅरिसच्या पश्चिमेला सँ-जेर्माँ-आँ-ले इथे 'पाव्हियाँ आँरी कात्र' आहे, म्हणजे चौथ्या हेन्रीचा मंडप. चौदावा लुई १६३८ मध्ये ज्या नव्या राजवाड्यात जन्मला, त्या पाडलेल्या राजवाड्याचा हा उरलेला भाग. एकोणिसाव्या शतकात तिथे हॉटेल झालं. स्टेकवरचं बेआर्नेज सॉस तिथल्याच कोलिने या स्वयंपाक्याचं मानतात, १८३० च्या दशकातलं. फुगवलेल्या बटाट्याची गोष्टही तिथलीच सांगतात: १८३७ मध्ये पॅरिसहून पहिली आगगाडी यायची होती, तिला उशीर झाला, तळलेले काप काढून ठेवले आणि गाडी आल्यावर पुन्हा कडक तेलात टाकले तर ते फुग्यासारखे फुगले. गोष्टीची खातरी कुणी देऊ नये, पण कृती खरी आहे. तीन मिलिमीटरचे एकसारखे काप, आधी मंद तेलात पृष्ठभाग घट्ट होईपर्यंत, मग कडक तेलात. आतल्या वाफेला बाहेर जायला वाट नसते, म्हणून काप फुगतो. कापाला कुठे चीर असेल तर फुगत नाही.

सांजवारा
हे तर पूर्ण नवीन आहे. तिथे जायला किती वेळ लागेल? आणि बेआर्नेज चांगलं की वाईट हे ताटात कसं ओळखायचं?

बटाटेवाडी
आर-ई-आर 'ए' या उपनगरी गाडीच्या शेवटच्या सँ-जेर्माँ-आँ-ले स्थानकावर उतरायचं, शहराच्या मध्यातून अर्ध्या तासाच्या आसपास. तिथून चालत. बाजूलाच ल नोत्र या बागरचनाकाराने आखलेली लांबलचक गच्ची आहे, खाली सेन नदीचं खोरं. पण हे शार्तिएसारखं स्वस्त नाही आणि टेबल आधी सांगावं लागतं.

सुरीकाटा
बेआर्नेजचं मी सांगतो. शालॉट, टॅरागॉन (एक सुवासिक पाला), मिरी आणि व्हिनेगर आटवून दोन चमचे उरू द्यायचं. त्यात अंड्याचं बलक घालून मंद आचेवर फेटायचं. मग वितळवून गाळलेलं लोणी धारेने. तीन बलकांना दोनशे ग्रॅमच्या आसपास लोणी. साठ अंशांच्या पुढे जपावं लागतं, सत्तरजवळ बलक गोळे धरतं आणि सॉस फाटतं. लोणी फार वेगाने ओतलं तरी फाटतं. फाटू लागलं की एक चमचा गार पाणी घालून कडेने फेटत आणायचं.

ताटात पाहायचं ते हे: सॉस चमच्याला धरून राहिलं पाहिजे, कडेला तुपाचा तवंग नको, हिरव्या टॅरागॉनचे तुकडे दिसावेत, आणि आंबटपणा पहिल्या घासाला कळावा. वाटीत अगदी गुळगुळीत, थंड, पिवळंधमक आलं तर ते बाटलीतलं.

आगगाडी
वास्तूच पाहायची तर 'ल त्रँ ब्लो' कुणी कसं सुचवलं नाही? गार द लियाँ स्टेशनाच्या पहिल्या मजल्यावर. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष एमील लूबे यांच्या हस्ते उघडलं, भिंती-छतावर ४१ चित्रं, त्यांत त्या रेल्वेने जाता येणारी गावं. हे नाव १९६३ मधलं, संरक्षित दर्जा १९७२ चा. शार्तिएत गर्दीत बसून खायचं, इथे मान वर करून.

दगडीवाडा
आगगाडी, वास्तूला तोड नाही हे मान्य. पण तिथला मानाचा पदार्थ म्हणजे मेंढीच्या कोकराची तंगडी. ढकलगाडीवरून टेबलाशी आणून कापतात, सोबत दूध-सायीतल्या बटाट्याचा थर. बीफ टाळणाऱ्यांना तर ती फारच सोयीची, तुळशीपत्र यांनी नोंद घ्यावी. खिशाचा विचार मात्र करावा, शार्तिएच्या कितीतरी पट बिल होतं.

रांगेतलाशेवटचा
'रले द व्हनीज'ची पद्धत कुणाला माहीत आहे का? पोर्त मायोजवळचं. तिथे म्हणे मेनूच नसतो.

खाटकाचीआळी
बरोबर. पोल जिनेस्त द सोर्स यांनी १९५९ मध्ये एक इटालियन रेस्टॉरंट घेतलं, नाव तसंच ठेवलं आणि एकच जेवण ठेवलं: अक्रोड घातलेलं हिरवं सॅलड, मग आंत्रकोत, सॉस आणि फ्रीत. वेटर फक्त 'किती शिजवू?' एवढंच विचारते. मांस दोन वाढपांत येतं, उरलेला भाग गरम ठेवतात, म्हणजे शेवटचा घासही गार होत नाही. पातळ स्टेकची सुरीकाटा यांनी सांगितलेली अडचण त्यांनी अशी सोडवली आहे. सॉसची कृती ते घराबाहेर जाऊ देत नाहीत. वास्तू म्हणून मात्र पाहण्यासारखं काही नाही, त्यामुळे या धाग्याच्या अटीत बसत नाही.

रस्सावाटी
वास्तू आणि किफायत दोन्ही हवं तर 'बुयाँ ज्युलियाँ'. १९०६ चं, फोबूर सँ-देनी रस्त्यावर. नक्षीदार काच, महोगनीचा बार, भिंतीवर चार ऋतूंच्या स्त्रिया. शिवाय 'बुयाँ रासिन', तेही १९०६ चं, कामीय शार्तिएचंच. हिरव्या-फिक्या काचा आणि वळणदार लाकूड. शार्तिएचा मोठा हॉल बाजारासारखा गजबजतो, या दोन्ही जागी बोलणं ऐकू येतं.

दगडीवाडा
शार्तिएत जाणाऱ्यांनी दोन गोष्टी शोधून पाहाव्यात. भिंतीजवळची आकडे घातलेली छोटी खणं. रोजचे गिऱ्हाईक आपापला कापडी रुमाल तिथे ठेवत असत. आणि जेर्मों या चित्रकाराचं १९२९ मधलं मोठं चित्र. खानावळीची उधारी त्याने ते रंगवून फेडली असं तिथे सांगतात.

कोकणकन्या७
बिलाबद्दल राहिलं. मेनूवरच्या किमतीत कर आणि सेवाशुल्क दोन्ही असतं. वर काही ठेवायची सक्ती नाही, समाधान झालं तर एक-दोन नाणी ठेवतात. पाव आणि नळाचं पाणी फुकट. 'उन काराफ दो' असं म्हणा. नुसतं 'पाणी' म्हटलं तर विकतची बाटली येऊ शकते. आणि बीफ कुठल्या देशाचं हे रेस्टॉरंटने लिहिणं तिथे २००२ पासून बंधनकारक आहे. फळ्यावर किंवा मेनूच्या तळाशी पाहा. 'शारोले', 'लिमुझीन', 'सालेर' असं गुरांच्या जातीचं नावही दिसलं तर उत्तम. खाटीक आणि हॉटेलवाला दोघं मांसाकडे लक्ष देतात याची ती खूण.

सांजवारा
सर्वांचे आभार. आता बेत असा: शार्तिए दुपारी साडेतीनला. मेनूत आंत्रकोत किंवा फो-फिले असेल तर एक स्टेक, सेन्याँ. दुसऱ्या ताटात बफ बुर्गिन्याँ. स्टेकवर खर्च करायचा तो सँ-जेर्माँला, बेआर्नेजसकट. काही चुकत असेल तर सांगा.

खाटकाचीआळी
चोख बेत आहे. मेनूत फक्त रुमस्तेक असेल तरी घ्या, पण मग सेन्याँच्या पुढे अजिबात जाऊ नका. मिरीचं सॉस वेगळ्या वाटीत मागा, वर ओतलं की भाजलेलं कवच ओलं होतं.

सुरीकाटा
ऑर्डर कागदावर लिहिताना 'सेन्याँ'साठी वेटर बहुधा 'एस' लिहितो. तेवढं नजरेखालून घाला, गर्दीत ताटं अदलाबदल होतात. चुकून जास्त शिजलेला आला तर पहिला काप घेतल्या घेतल्या सांगा. अर्धा संपल्यावर कुणी बदलून देत नाही. कमी शिजलेला वाटला तर परत तव्यावर टाकून आणतात, त्याला कुणी हरकत घेत नाही.

मीठभाकरी
आणि टेबलावरची दिजोंची मोहरी आधी सुरीच्या टोकावर घेऊन पाहा. आपल्या कासुंदीइतकीच नाकात चढते. स्टेकच्या कडेला ठेवायची आणि प्रत्येक घासाला थोडी लावायची.